दुसरा ब्रेक

तीर्थस्वरूप मामांस, स्टिअरिंगवरचे दोन्ही हात सोडून साष्टांग नमस्कार. तुमची कंबर कशी आहे? मामींनी गाडीच्या किल्ल्या लपवल्यापासून तुम्ही घरभर चिडचिड करत फिरता, असं आईकडून कळलं. इकडे मात्र आनंदीआनंद आहे.

आमच्या ड्रायव्हिंग स्कूलचे जुने मास्तर लेकीकडे राहायला गेल्यापासून मी नव्या माणसाच्या शोधात होतो. मामा, सापडलं! बाई आहेत. मुलाखतीतच त्यांनी आमच्या सर्वांत घाबरट शिकाऊला, म्हणजे बेकरीवाल्याला, गप्पा मारत मारत चौक पार करून आणला. (हा गृहस्थ आजवर चौक दिसला की डोळे मिटायचा.) मी जागच्या जागी नोकरी देऊन टाकली. बाई म्हणाल्या, विचार करून सांगते. समोरच्या ड्रायव्हिंग स्कूलवाल्यानेही त्यांना बोलावलं होतं. त्या तिकडे गेल्या तर माझे शिकाऊही त्यांच्या मागोमाग रस्ता ओलांडणार आणि माझ्या शटरला कायमचं कुलूप लागणार, हे उघड होतं. पण घाबरेल तो तुमचा भाचा कसला!

चांगलं माणूस हातचं जाऊ द्यायचं नसेल तर त्याला आपला विसर पडू देऊ नये, हे माझं तत्त्व. म्हणून रोज सकाळी ख्यालीखुशालीचा फोन. (पुढे पुढे तो त्यांचे यजमान उचलू लागले. बाई कायम आंघोळीला गेलेल्या असत. फार स्वच्छ कुटुंब आहे.) होकार यायच्या आधीच पेंटरकडून पाटीवर 'नव्या मुख्य प्रशिक्षिका' असं रंगवून घेतलं. पाठीला आधार देणारी खुर्ची आणली. शेवटी बाईच म्हणाल्या, एकदा येऊन बघते. मी म्हटलं, छे छे, मी स्वतः न्यायला येतो! सुरुवात कशी मानाने व्हायला हवी.

शिकवायच्या गाडीत शेजारच्या सीटपुढेही एक ब्रेक असतो. बाई तिथे बसल्या. दवाखान्याच्या वळणावर त्यांनी तो दाबला. मला वाटलं, सवय असेल. भाजीच्या दुकानापाशी पुन्हा दाबला. सिग्नलला तर असा दाबला, की मागच्या सीटवरचा पुष्पगुच्छ माझ्या मानेवर आला. पहिल्याच भेटीत इतक्या मोकळेपणाने वागणारं माणूस मिळायला भाग्य लागतं. ऑफिसात पोचल्यावर त्या घटाघटा पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "येते मी कामाला. पण माझी एक अट आहे." मी अट न ऐकताच हो म्हणून टाकलं. समोरचा त्याच्या दारात उभा राहून बघत होता, मग काय करणार?

तेव्हा काळजी नसावी. सगळं मार्गी लागलं आहे.

तुमच्याच हाताखाली गाडी शिकलेला,
भाचा

ता. क. अट अशी, की त्यांचा पहिला शिकाऊ मी. मी पास झालो तर त्या राहणार, नाहीतर रस्ता ओलांडणार. मी मन लावून शिकतोय. काल आरसे कशासाठी असतात ते कळलं. फारच सोय आहे हो!

आणखी एक ता. क. त्यांनी विचारलं, हे असं तुम्हाला शिकवलं कुणी? मी छाती फुगवून तुमचं नाव घेतलं. बाईंनी आणखी एक ग्लास पाणी संपवलं. मग म्हणाल्या, आधी त्यांना घेऊन या. मामा, आता सगळं तुमच्यावर आहे, नाही म्हणू नका. रविवारी निघा. तुमच्यासाठी शिकाऊची पाटी लख्ख पुसून ठेवली आहे. किल्ल्या मामींकडेच राहू द्या आणि कृपा करून बसने या.