अशक्य नाही

६ मे १९६२
सुटीला घरी, तोंडवलीत. स्टॅटिस्टिकल मेकॅनिक्सचं पुस्तक सोबत. पेपर ऑक्टोबरात, पण राहवत नाही. पेलाभर पाण्यात अगणित रेणू, कुणी कुणाला विचारत नाही, आणि तरी सगळ्यांचं मिळून एक तापमान! अंगावर काटा आला. चहा गार झाला म्हणून वहिनी ओरडली. आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं, तिचा हक्कच आहे.

९ मे
वहिनीला पाण्यात कोकमाच्या आगळाचा थेंब टाकून दाखवला. पसरला, पाणी गुलाबी.
"आता ह्यो परत एकत्र येतलो?"
म्हटलं, कुठलाही नियम त्याला अडवत नाही. फक्त पसरायच्या तऱ्हाच इतक्या, की जमायची तऱ्हा त्यांत हरवते.
"म्हणजे अशक्य नाय?"
"अशक्य नाही."

१० मे
शंभरच रेणू धरले. सगळे पेल्याच्या एकाच अर्ध्यात यायची शक्यता एकावर तीस शून्यांत एक! खऱ्या पेल्याची शून्यं लिहायला जगातला कागद पुरायचा नाही. हात जोडावेसे वाटले. कुणाला, ते माहीत नाही.

१३ मे
बाबांनी पडवीत बोलावलं. दादाचं गलबत वेंगुर्ल्याहून निघून बेपत्ता झालं, त्याला या महिन्यात बारा वर्षं. आता शास्त्राप्रमाणे त्याच्या नावाने दर्भाचा पुतळा करून अग्नी द्यायचा. मग वहिनीचं कुंकू जाणार. ती हो म्हणत नाही.
"तू शिकलेलो. तुझा ती आयकतली. सांग तिका, तो येवचो नाय."

१४ मे
सांगितलं. शून्यांसकट. स्वतःचीच लाज वाटली.
ती तांदूळ निवडत होती. "भावजी, तो येवचो नाय ह्या माका तुमच्या आदी ठावक आसा. पण येवकच शकणा नाय, असा म्हणतास?"
कॉलेजात मागच्या तोंडी परीक्षेत सरांनी नेमकं असंच विचारलं होतं. तेव्हा "अशक्य" म्हणून मोकळा झालो, मार्क गेले. आज तो शब्द वापरला नाही. केवढं खरं बोलली ही, पुस्तक न उघडता!

१६ मे
निरोप गेला की भटजी परवा यायचेत. बाबा : "सांगलंस मां? काय म्हणाली?"
"येणार नाही, हे तिला पटलंय."
"मगे भटजींका निरोप धाडतंय."
"थांबा," म्हटलं. येऊच शकणार नाही, असं मी तिला म्हटलेलं नाही. वहिनी कुंकू लावून विहिरीवर गेलीय. बाबा समोर बसलेत, मी पुढे काय बोलतो म्हणून.