ताटात उरणारा एक तुकडा

मी, भागिरथाबाई, कै. माणिकराव खंडारे यांची विधवा, वय अडुसष्ट, धर्म ख्रिस्ती, तीस वर्षे मिशनची बायबलबाई, म्हणजे घरोघर बायबल वाचून दाखवणारी, राहणार मेडशी, तालुका वाशीम, जिल्हा अकोला, माझ्या हाताने लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे, फक्त गुडघे नाहीत. मला कोणी भरीस घातलेले नाही. माझा स्वभाव ठाऊक असलेला कोणी तसे करणारही नाही. मूलबाळ नाही, म्हणून भांडायला कोणी नाही. तरी माणसाचा नेम नसतो, म्हणून हा कागद.

कलम एक. टिनाच्या दोन खोल्यांचे माझे घर, ज्याच्या पुढच्या खोलीत दर रविवारी उपासना होते, ते मी मेडशीच्या ख्रिस्ती मंडळीला देते. अटी दोन. प्रभूच्या आठवणीत भाकर वाटतात त्या प्रभुभोजनाच्या मेजाला लागून माझी धान्याची कणगी ठेवावी. दर रविवारी घरटी एक मूठ त्यात पडावी आणि ज्याला लागेल त्याने न विचारता न्यावे. नेणाऱ्याचे नाव लिहू नये. दुसरी अट, भाकर वाटताना दार लावू नये. पुन्हा कोणी यादी करायला बसला तर मंडळीचा हक्क संपला. घर ग्रामपंचायतीने घ्यावे, कोंडवाडा केला तरी माझी हरकत नाही.

कलम दोन. बाजाची पेटी आमच्या मंडळीच्या शेषराव पंचाला. त्याचा आणि सुराचा जन्माचा वैरभाव आहे, पण दुसरे कोणी वाजवत नाही. शेषराव हल्ली चारचौघांत सांगतो, "मी तं बाईले तवाच म्हनलं होतं, हे बरं नाई." खोटे आहे. शेषराव, तू एक शब्द बोलला नाहीस. तू मान हलवलीस, तीही होकाराची.

कलम तीन. यात कोणाला काही द्यायचे नाही. पण हे लिहिल्याशिवाय पुढचे कलम कळणार नाही.

बहात्तरच्या दुष्काळात मिशनकडून वाटायला गव्हाच्या गोण्या आल्या. आमची मंडळी एकोणीस माणसांची होती. पुढच्या रविवारी खोलीत पाय ठेवायला जागा नाही. गावात लोक हसायला लागले, "हे पोटाचे ख्रिस्ती." मला ते फार झोंबले. मला शंभर नको होते, दहा खऱ्या मनाचे हवे होते. मग मीच नियम काढला. जो गहू घेईल, त्याने दुष्काळ सरेपर्यंत प्रभुभोजनाला बसू नये, म्हणजे कोण भाकरीसाठी येतो आणि कोण प्रभूसाठी, ते उघड होईल. महिन्यातून एकदा एस.टी.ने येणाऱ्या पाळकसाहेबांनी हो म्हटले. पंगतीला कोणी बसायचे त्याची यादी मी केली.

किन्हीराजाची नानीबाई, विधवा, दुष्काळी कामावर खडी फोडायची. ती दर रविवारी पायी यायची आणि दाराजवळच्या तरटावर बसायची. ती मला म्हणाली, "बाई, मले गहू नोको. पन त्या पंगतीतून उठवू नोका." मी काय केले? तिला सगळ्यांपुढे उभे केले आणि म्हटले, पाहा, विश्वास असा असतो! अगं, असे म्हटल्यावर ती बिचारी नंतर गहू मागणार तरी कशी?

फाल्गुनात तिची मुलगी पंचफुला टोपले घेऊन माझ्या दारात आली. मी विचारले, "आईचं नाव यादीतून काढू का?" ती रिकामे टोपले घेऊन गेली. नानीबाई मजुरीचे सगळे पोरीला खाऊ घालत होती, हे मला मागून कळले. चैत्रात, प्रभुभोजनाच्या आदल्या दिवशी, ती खडीच्या ढिगाजवळ बसली ती उठलीच नाही.

आणखी एक सांगते, कारण ते मला गिळवत नाही. प्रभुभोजनाची पोळी मीच करत असे, त्याच गोणीतल्या गव्हाची. महिन्याकाठी तो बोटाएवढा तुकडा, तेवढाच गहू नानीबाईच्या पोटात गेला.

तेव्हापासून मी माणसे मोजून तुकडे करते. चोवीस माणसे, चोवीस तुकडे. सगळ्यांचे घेऊन झाले की ताटात एक उरतो. शेषराव म्हणतो, बाई, नजर गेली तुमची. गेली असेल. पण भर दुपारी, दार उघडे असताना, तरटावर नानीबाई दिसते, डोळे मिटलेली, ओंजळ पुढे केलेली. तिने शिव्या दिल्या असत्या तर बरे झाले असते. मला तिची भीती वाटते, आणि ती एखाद्या रविवारी दिसली नाही तर जास्त वाटते.

कलम चार. किन्हीराजाच्या वाटेवरचे माझे दोन एकर वावर आणि काळी गाय, पंचफुलाला. तिने आईला माती दिल्यापासून आमच्या उपासनेत पाय ठेवलेला नाही. तिने यावे अशी अट नाही. हे दानही नव्हे. तिने वावर घेतले तर मला वाटेल की एका तरी माणसाने माझ्या हातचे धान्य घेतले.

कलम पाच. मला नानीबाईच्या पायथ्याशी पुरावे. माझ्या गुणांवर कोणी बोलू नये. शेषरावाने तर मुळीच नाही.

पुरवणी, आज सहीच्या वेळेची. वाशीमचे अर्जनवीस मदनसिंग यांनी हा कागद सर्वांपुढे वाचला. मी निरोप धाडला होता म्हणून पंचफुलाही आली, दाराबाहेर उभी राहून ऐकत होती. साक्षीला गावचा खेमा आणि शेषराव ठरले होते. मदनसिंग म्हणाले, ज्याला कागदातून काही मिळते त्याने साक्ष केली तर त्याचे मिळणे बुडते. शेषरावाने पेटीकडे पाहिले आणि हात मागे घेतला.

पंचफुला आत आली. "म्हंजे अंगठा देल्ला तं वावर जाते?"

"जाते," मदनसिंग म्हणाले.

"मंग द्या शाई. माह्या मायचं नाव हाये या कागदात. त्याले साक्ष दुसऱ्याची कायले?"

मी तिचा हात धरला. म्हटले, "पोरी, तुझ्या पाया पडते, असं करू नको. वावर घे. तुझ्या आईसारखं उपाशी राहू नको."

ती म्हणाली, "हे तवा बोलाचं होतं, बाई. माह्या मायले."

मी हात सोडला. कलम चारमधील वावराचे पीक आता कणगीत जावे. गाय मी आजच, जिवंतपणी, पंचफुलाच्या हाती दोर देऊन दिली. ती तिने नेली, कारण, म्हणाली, जनावराचा काय दोष.

लिहून देणार: भागिरथाबाई माणिकराव खंडारे, सही
मुक्काम मेडशी, मंगळवार, दिनांक १५ नोव्हेंबर १९७७

आमच्यासमोर सही झाली:
१. खेमा गोविंदा, मेडशी, सही
२. पंचफुला, नानीबाईची मुलगी, किन्हीराजा, डाव्या हाताचा अंगठा