काचेला कुठली बाटली?

दि. ३ ऑक्टोबर

ती. दादास,
भिंगरीचा सा. न. वि. वि.

कापडाच्या दुकानातलं काम सोडलं. उभा असशील तर बस. बावीस वर्षं लोकांना कापड मोजून दिलं, पुरे झालं. इथल्या मोठ्या दवाखान्याला रोग्यांची ने-आण करायला स्वतःची गाडी असलेले चालक हवेत. गाडी जुनी चालेल, पण चोवीस तारखेला त्यांच्या तपासनीस बाई बघणार. आत डाग नको, बाहेर मळ नको, काच लख्ख हवी. पास झाले तर पक्कं काम. नाही झाले तर या वयात मला दारात कोण उभं करणार?

आता गोंधळ ऐक. गाडीला चमक टिकवणारं कोटिंग लावावं म्हणून कोपऱ्यावरच्या दुकानात गेले. तो म्हणाला, एकच बाटली घ्या, रंग, काच, चाकं, प्लास्टिक, सगळ्याला चालते. समोरचा म्हणाला, बाई, प्रत्येकाला वेगळी लागते, नाहीतर गाडीचं वाटोळं. दोघंही छातीवर हात ठेवून सांगतात. माझ्या डोक्याचा भुगा झालाय. तुझा जन्म गाड्या चमकवण्यात गेला, तूच काय ते लिही. फोन मात्र नको. फोनवर तू सदा घोड्यावर असतोस.

माया आटू देऊ नये, ही विनंती.
तुझी भिंगरी


दि. ७ ऑक्टोबर

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

नोकरी सोडताना विचारलं नाहीस, कोटिंग मात्र विचारतेस! असो. समोरच्याला पाच बाटल्या खपवायच्या आहेत, दुसरं काही नाही. एक ना धड, भाराभर चिंध्या. मी एक बादली आणि फाटका सदरा घेऊन धंद्याला लागलो. त्याच सदऱ्याच्या एका बाहीने रंग पुसायचो, दुसरीने काच. त्यावर आज आठ माणसांचं दुकान उभं आहे. एकच बाटली घे. गाडी सावलीत धुऊन, खडखडीत कोरडी करून सगळीकडे पातळ हात मार.

तुझी वहिनी म्हणते, गाड्या तपासतात तशी यांची अक्कलही कुणी तपासायला हवी. तिचं मनावर घेऊ नकोस. मीही घेत नाही.

लोभाला गंज चढू देऊ नकोस.
तुझा दादा


दि. १० ऑक्टोबर

चि. भिंगरीस अ. आ.

मागचं पत्र फाडून टाक. काचेला हात लावू नकोस!

माझ्या टेबलामागे नुसतं प्लायवूड आहे, पलीकडे गिऱ्हाइकांचा बाक. माझ्या तोंडावर सगळे छान म्हणतात, खरं बोलतात ते त्या बाकावर. काल एक बाई दुसरीला सांगत होत्या की इथून सगळ्याला एकच कोटिंग लावून घेतलं, तेव्हापासून पावसात समोरून दिवे आले की काच धूसर होते आणि वायपर थडथडतो. काम माझ्याच हातचं. मुकाट्याने त्यांची गाडी बाजूला घेऊन पाहिली. बाई खरं बोलत होत्या. रंगाला आणि चाकांना ती बाटली निभते, काचेला नाही आणि सीटच्या कापडाला तर मुळीच नाही. इतकी वर्षं हे मला कळू नये?

आता ताकही फुंकून पितो. मोठ्या कॅनमधून काढून, प्रत्येकाची वेगळी, अशा पाच बाटल्या बसने पाठवतोय. चिठ्ठ्या लावलेल्या नाहीत, आमच्याकडे कुणी लावत नाही. कानाशी धरून हलवायची. काचेची पाण्यासारखी खळखळते, प्लास्टिकची दबक्या आवाजात बोलते, कापडाची जवळजवळ गप्प. आंधळ्यालाही कळेल.

दादा


दि. १४ ऑक्टोबर

ती. दादास सा. न. वि. वि.

धन्य आहे तुझी! दुसरं पत्र आलं तेव्हा मी पहिलं पाळून मोकळी झाले होते. गाडी नवरीसारखी दिसतेय. वायपरही अगदी अलगद फिरतो. शेजारीण मात्र खिडकीतून डोकं काढून म्हणाली, मांजराच्या शेपटीवर पाय पडल्यासारखा ओरडतोय. तिला नाहीतरी खोडी काढायची सवयच आहे.

तुझ्या पाच बाटल्या मिळाल्या. पाचही पांढऱ्या, पाचही सारख्या. कानाशी धरून हात दुखेपर्यंत हलवल्या. पाचही मुक्या. थट्टा करतोस होय रे म्हातारपणी? शेवटी वासावरून एक निवडून डॅशबोर्डला लावली. तो आता असा चिकटतोय की वर ठेवलेला रुमाल सुटेना. दहा दिवस उरलेत. पहिलं पत्र पाळू, दुसरं पाळू, की शेजारणीला विचारू?

तुझी पार गोंधळलेली
भिंगरी


दि. १६ ऑक्टोबर

भिंगरे,

तुझं पत्र चार वेळा वाचलं. मग तशाच पाच बाटल्या भरल्या आणि तुझ्या वहिनीच्या हातात दिल्या. माझं एक अक्षर न ऐकणारी बाई, पण तिने पाचही एका दमात ओळखल्या. वायपरची थडथड शेजारणीला खिडकीत ऐकू येते आणि आत बसलेल्या तुला येत नाही. दीड वर्षं तू फोन नको म्हणतेस. मला वाटायचं, माझा कंटाळा आला. रागावू नकोस, सरळ विचारतो. तुला कमी ऐकू येतं का? कधीपासून?

गाडीचं सांगतो. सोबत काच घासायची पूड आहे आणि बाटल्या या वेळी चिठ्ठ्या लावून. पूड ओल्या फडक्यावर घेऊन काच गोल गोल घास. पाण्याचे थेंब न होता ते एकसारखं पसरलं की जुना थर गेला. हे डोळ्यांना दिसतं, त्याला कान लागत नाहीत.

प्लायवूडपलीकडचं ऐकतो म्हणून मी चारचौघांत मिरवतो. लाज वाटते.

दादा


दि. १९ ऑक्टोबर

ती. दादास सा. न. वि. वि.

दोन वर्षं झाली. डावा जवळजवळ बंद, उजवा निम्मा. दुकानात गिऱ्हाइकाच्या ओठांकडे बघून भागवलं. तरी तीनदा भलताच रंग कापून दिला. मालक काही बोलायच्या आत मीच निघाले.

काच घासली. पाणी पसरतं, शेजारीणही गप्प आहे. डॅशबोर्ड थोडा चिकटतो, बाकी गाडीची काळजी मिटली, पण गाडीत ओठ दिसत नाहीत रे. मागे बसलेल्या रोग्याला कळ आली, त्याने थांबा म्हटलं आणि मी तशीच पुढे नेली तर? सांगितलं तर काम जाणार. लपवलं तर रोज तीच भीती घेऊन गाडी काढायची. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. तू सांगशील तसं करीन.

भिंगरी


दि. २२ ऑक्टोबर

चि. भिंगरीस पोटभर आशीर्वाद.

हे पत्र टपालात न टाकता बसच्या ड्रायव्हरच्या हातात देतोय, चोवीसच्या आत पोचावं म्हणून.

मी सांगेन तसं करू नकोस. या महिन्यात दोनदा सांगितलं, एकदा काच बिघडली, एकदा डॅशबोर्ड. रात्री वाटलं, सांगू नकोस लिहावं. सकाळी वाटलं, सांग लिहावं. वहिनीला विचारलं तर म्हणाली, तिला तिचं कळतं, तुम्ही फक्त कानाच्या डॉक्टरचे पैसे पाठवा. ते पाठवलेत. मशीन लागलं तर चांगलंच घे, माझ्यासारखी काटकसर करू नकोस.

ये म्हणालीस तर दुकानाला कुलूप लावून येतो.

तुझा, या वेळी काहीच न सुचलेला
दादा


दि. १९ नोव्हेंबर

ती. दादास भिंगरीचा सा. न. वि. वि.

इतके दिवस लिहिलं नाही, कारण नक्की काही नव्हतं.

चोवीसला बाईंनी गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, काचेवर पाणी ओतलं, डॅशबोर्डला बोट लावलं. ते चिकटलं. तरी त्यांनी कागदावर बरोबरची खूण केली. मी निमूट घरी येऊ शकत होते. गाडीचं दार उघडलं, बसलेही. मग उतरले आणि सांगून टाकलं. त्या खूप बोलल्या, मला निम्मं कळलं. त्यांच्या ते लक्षात आलं, तेव्हा त्यांनी लिहून दिलं: मशीन लावा, दाखला आणा, महिनाभर जागा राखते.

मागच्या आठवड्यात मशीन लागलं, सोमवारी दाखला मिळाला. काल पहिली फेरी. मागच्या सीटवर एक आजोबा, पाय प्लॅस्टरमध्ये. दवाखान्यापासून त्यांच्या दारापर्यंत रस्ता सांगत होते. शब्द न् शब्द ऐकू आला. एकही वळण बरोबर नव्हतं. मी माझ्या रस्त्याने नेलं.

वहिनीला नमस्कार. तुम्हा दोघांची सावली अशीच डोक्यावर राहो.

तुझी
भिंगरी