टॉर्च सरळ धर

सोमवार, ४ तारीख. सकाळी साडेसहा.
लग्नाच्या दुसऱ्या वर्षी, ह्याच बोटीवर, हे टॉयलेटमागे आडवे झाले होते आणि मी टॉर्च धरून उभी होते. टॉर्च सरळ धर, म्हणाले. मी सरळच धरला होता, बोट हलत होती. मग एकाच मगातून चहा घेतला, कारण दुसरा फुटला होता. त्या दिवशी विशेष असं काहीच घडलं नाही. तरी तोच आठवतो.

आठवायला कारण आहे. तोच नट पुन्हा गळतोय. भांड्याला पाण्याची नळी जोडली आहे तिथला. मिनिटाला एक थेंब. काल लेकीने पाहिला आणि सुरूच झाली. बाबांना जाऊन वर्ष झालं, तू एकटी पाण्यावर राहतेस, आता हे. शेवटी अट घातली. रविवारपर्यंत तू स्वतः दुरुस्त केलंस तर राहा. नाहीतर बोट शेजारच्या मिस्त्रींना विकायची आणि मुकाट्याने माझ्याकडे तिसऱ्या मजल्यावर यायचं.
रविवारला सहा दिवस आहेत. मला एक पुरे.

सकाळी ११.
कॉक बंद करून नट उघडला. तीस वर्षं टॉर्च धरलाय, बघून बघूनच माणूस शिकतो. आत एक काळी रबरी चकती अडकली होती. म्हणजे ही घाण! काढली. पुसल्यावर बरी दिसली. ह्यांच्याच हातून पडली असणार. टाकवेना. करंगळीत घातली, अगदी मापाची. पांढरी टेप गुंडाळून नट आवळला. काम फत्ते.

दुपारी २.
मिनिटाला चाळीस थेंब. नवीन टेप रुळायला वेळ लागतो.

मंगळवार, ५.
रुळली नाही. आणखी टेप. खाली वाटी ठेवली होती, आता पातेलं. पुस्तक उघडते, दोन ओळी वाचते, उठून पातेलं बघून येते. पुन्हा त्याच दोन ओळी.

बुधवार, ६. सकाळी ९.
नेलपॉलिश लावलं. दोन हात. कॉन्व्हेंटमध्ये मोज्याचा धागा सुटत गेला की असंच थांबवायचो. गुलाबी नट फार गोड दिसतो.

सकाळी १०.
गळतोय. पण गोड दिसतो.
बोटीत साचलेलं पाणी उपसणारा तळाचा पंप सारखा सुरू होतो आणि बाहेर पिचकारी मारतो. मिस्त्री त्यांच्या बोटीवरून ओरडले, बाई, तुमची बोट सकाळपासून थुंकतेय! दात घासतेय, म्हटलं. येऊ का बघायला, म्हणाले. नको. त्यांचा डोळा बोटीवर आहे. त्यांनी ह्यांच्याकडेही दोनदा मागितली होती. अशा माणसाला आत घ्यायचं म्हणजे मांजराला दुधाची राखण.

गुरुवार, ७.
जुन्या चादरीची पट्टी करून नटाभोवती शिवली. ब्लँकेट स्टिच. शिवणाच्या सिस्टरांनी पाठ थोपटली असती. पाणी आता थेंबाथेंबाने येत नाही, ही प्रगती. सलग येतं.
लेकीचा व्हिडिओ कॉल. टॉयलेट दाखव म्हणाली. मी खिडकीतला बगळा दाखवला. आई, मी बगळा मागितला नव्हता, म्हणाली.

शुक्रवार, ८.
पातेल्याच्या जागी टब. करंगळी सुजली आहे. आज नुसता विचार करायचा ठरवलं. उभ्याने केला, फेऱ्या मारत. ठरलं. उद्या मोठा पाना.

शनिवार, ९. दुपारी ४.
सविस्तर लिहायला नको. मोठ्या पान्याने नट पूर्ण आवळला आणि मग आणखी थोडा. तो निघून हातात आला. कारंजं. एका हाताने भोक दाबलं, दुसरा कॉकपर्यंत पोचेना.
मी हाक मारली नाही. घसा साफ केला, जरा मोठ्याने.
मिस्त्री चपलांसकट आत. कॉक बंद. ह्याचा वॉशर कुठाय, विचारलं. कसला वॉशर, म्हटलं. काळा, रबरी, गोल, म्हणाले, आणि बोलता बोलता माझ्या करंगळीकडे बघून थांबले.
साबण लावला, तेल लावलं. निघेना. राहू द्या, तुम्हाला शोभतोय, म्हणाले. खिशातून नवा नट आणि वॉशर काढून बसवला. पाच मिनिटं. मला टॉर्च दिला. सरळ धरा बाई, म्हणाले.
जाताना गाफीलपणे बोलून गेले. ह्या संडासाचा मला खडान्‌खडा पाठ आहे. दर वर्षी साहेब बोलावायचे, तुम्ही बाजारात गेलात की. नंतर तुमच्यासमोर आडवे होऊन नुसता पाना फिरवायचे.

मी टबाच्या काठावर बसले. तीस वर्षं मी उजेड धरला, आणि दुरुस्त होत होता तो फक्त त्यांचा रुबाब.
रागवायला हवं होतं. हसूच येत राहिलं.

रविवार, १०. सकाळी ११.
लेक आली. वाकून बघितलं. थेंब नाही. कुणी केलं, म्हणाली. खोटं बोलता आलं असतं. पण माझे कान लाल होतात, शाळेपासून. मी टॉर्च धरला, म्हटलं. तिने कपाटातून माझी बॅग काढली.

तर असं ठरवते.
बोट मिस्त्रींना. संडास आधी बदलणार म्हणाले. बदलू देत.
मोठा पानाही त्यांनाच, माझ्यापासून लांब ठेवायच्या अटीवर.
पातेलं लेकीला, तिचंच होतं. टब जावयांना, त्यांना कुत्रा धुवायला होईल. ब्लँकेट स्टिचची पट्टी कुणाला हवी असल्यास धुऊन देईन.
चहाचा मग मला. टॉर्चही मलाच, तिसऱ्या मजल्यावरही काहीतरी गळत असेलच.
वॉशर कुणालाच नाही. निघत नाही.