ट्रॅक्टरचं छत

अहो,

"हिला एक पाइप सरळ धरता येत नाही," असं काल वेल्डिंग करताना पुटपुटलात. पाइपचं दुसरं टोक माझ्याच हातात होतं, त्यामुळे अगदी नीट ऐकू आलं. तुम्ही आत गेल्यावर मी ओळंबा सोडून पाहिला. पाइप सरळ होता. तुम्हाला तो वाकडा दिसत होता.

जेवण झाकून ठेवलंय, गरम करून घ्या. पत्र्याच्या कडा घासायच्या राहिल्यात, त्या हातमोजे घालूनच घासा. शिडीला हात लावायचा नाही. वरचे नटबोल्ट मी आल्यावर दोघं मिळून आवळू. आणि ट्रॅक्टरच्या किल्लीसाठी घर उलटंपालटं करू नका, ती माझ्या पर्समध्ये आहे. चिडा खुशाल.

मी मेंदूच्या डॉक्टरांकडे तुमचा नंबर लावायला चाललेय. विचारलं असतं तर नाही म्हणाला असतात, म्हणून विचारलं नाही.

छत सुरेख होतंय, तोंडदेखलं म्हणत नाही. ट्रॅक्टरवरून पडलात तेव्हापासून आपण सगळ्यांना सांगतोय की ऊन लागलं. लेकीला तर फोनवर मीच सांगितलं. तुम्ही छताचं काढलंत तेव्हा मलाही हायसं वाटलं, की डोक्यावर पत्रा आला म्हणजे झालं. पण त्या दिवशी सकाळपासून आभाळ गच्च भरलेलं होतं. तुम्ही पडलात तेव्हा ऊन नव्हतंच.