पोवार सरांचा गुरुवार

८ जून, सोमवार
सकाळीच राजारामपुरीतल्या क्लासमधून सुनंदाताईंचा फोन. तिथलं ऑफिस त्याच बघतात, शिक्षकांचं वेळापत्रकही त्याच लावतात, माझ्या प्रोग्रॅमवर. "म्याडम, प्रोग्रॅम थांबवाय कंट्रोल-सी दाबून दाबून बोट दुखाय लागलं. थांबतंय कुठं ते! शेवटी वायरच काढलो."
ताईंना कुठलंही बटण दोनदा दाबल्याशिवाय चैन पडत नाही, पण या वेळी दोष बटणाचा नाही. थांबायचा निरोप प्रोग्रॅमच्या बाहेरच्या, पायथनमधल्या भागापर्यंत पोचतो. खरं काम आतला माझा सी++चा लूप करतो, फेरीमागून फेरी नवं वेळापत्रक जुळवून बघत, आणि तो निरोप बघतच नाही. आमच्या ह्यांना जेवायला हाक मारली की "आलो, आलो" येतं, माणूस येत नाही, तसंच.
दुपारी लूपमध्ये तपासणी घातली. आधी प्रत्येक फेरीला. प्रोग्रॅमची गोगलगाय झाली. मग बऱ्याच फेऱ्यांनी एकदा. आता हाकेसरशी उठतो. खूश.

९ जून, मंगळवार
पुण्याच्या नेहासाठी टिपण लिहायला घेतलं, पुढे हा कोड तीच सांभाळणार. "लूप लांबलचक असेल तर मधूनमधून निरोप बघावा. आला असेल तर हातातलं सगळं टाकून बाहेर पडावं." वाचायला झकास.
संध्याकाळी कळंब्याच्या तळ्यावर चक्कर. मस्त वारा. घरी येऊन टिपणातला एक स्वल्पविराम काढला.

१० जून, बुधवार
झकास कसलं, डोंबल!
प्रोग्रॅम चालू असताना तोवरचं सगळ्यात चांगलं वेळापत्रक स्क्रीनवर दिसत राहतं. आज त्यात फिजिक्सच्या पोवार सरांचा गुरुवार अख्खा मोकळा निघाला. त्यांची बायको शाहूवाडीकडे शाळेत, मुलगी तिच्यापाशी. आठवड्यात एकदा तरी पोरीला भेटता यावं म्हणून सर कधीपासून गुरुवार मागतायत. ताईंनी लगेच त्यांना सांगितलं आणि प्रोग्रॅम थांबवला. थांबला की! माझ्या टिपणाबरहुकूम, हातातलं सगळं टाकून. गुरुवारसकट.
"सांगून बसलोय की हो मी सरांना! पोरीला फोनपन झाला त्यांचा."
परत चालवला. दर वेळी नव्यानं शोधतो तो, दुसरंच काहीतरी निघालं, सरांना मंगळवारची सकाळ मोकळी. त्याचं काय लोणचं घालायचं? फार वाईट वाटलं.

११ जून, गुरुवार
ते वाक्य खोडलं. नवं: "थांबवल्यास तोवरचं सगळ्यात चांगलं उत्तर फाईलमध्ये जपून ठेवावं, मग बाहेर पडावं." कोडही तसा केला.
नेहाचा मेसेज: "ताई, 'मग' म्हणजे नेमकं कधी?" शहाणी आहे जरा जास्तच. "जपून झाल्यावर" असं लिहून टाकलं. आल्याचा चहा. बरं चाललंय एकूण.

१३ जून, शनिवार
क्लासमध्ये जाऊन ताईंच्या शेजारीच बसले. त्यांनी प्रोग्रॅम चालवला, भडंगाचा पुडा फोडला. पुडा अर्धा झाला नि गुरुवार आला! ताईंनी दाबलं. थांबला, आणि वेळापत्रक जागच्या जागी. "बघा, गुणाचं झालं की न्हाई?"
पोवार सर तास संपवून आले. खडूच्या हातानंच स्क्रीनवर गुरुवारचा रकाना शोधला. पोरीला फोन लावला आणि सरळ माझ्या हातात दिला.
पोरगी म्हणाली, "काकू, आता परत पुसनार न्हाई न्हवं?"
"नाही गं, आता कसलं पुसतंय." छातीठोक. डोळ्यांत पाणी आलं माझ्या, खोटं कशाला बोलू.
निघताना ताई म्हणाल्या, "सोमवारी नवी बॅच हाय म्याडम. त्याच फाईलवर परत चालवाय लागनार." आणि लिफ्टचं बटण दाबलं. दोनदा.
घरी येईपर्यंत नेहाचा 'नेमकं कधी?' डोक्यातून जाईना. पहिल्या दाबण्याला जपणं सुरू होतं, तेही जुन्या फाईलवरच लिहून. ते पुरं व्हायच्या आत दुसऱ्यांदा दाबलं तर? जुनं पुसलेलं, नवं अर्धवट. टिपणात त्यावर ओळ नाही. कोडमध्येही नाही. आज ताईंनी एकदाच दाबलं, कारण हात लगेच भडंगात गेला.
आणि मी पोरीला सांगून बसलेय.