जावई ओझो झाले

आईला न्कोलीचा गुडघे टेकून नमस्कार.

तुझा गुडघा कसा आहे? तुझ्या जावयांना अखेर गावातली मानाची ओझो पदवी मिळाली. लाल टोपी घालून मिरवतात आणि ओझोची बायको म्हणून मला सगळं गाव मानानं लोलो म्हणतं! पण ओझोनं खोटं बोलायचं नसतं ना. काल जेवताना म्हणाले, "लोलो, रस्सा खारट झालाय." नऊ वर्षं हाच रस्सा मिटक्या मारत खात होते, लबाड!

मग मीही धीर केला. "मूल नाही, म्हणून दुसरी करावीशी वाटते का हो?"

टोपी सारखी करत म्हणाले, "माझी आई मागे लागली होती, तेव्हा एकदा वाटलं होतं. आता नाही."

आई, आजवर ते "कधीच नाही" म्हणायचे आणि मला झोप लागायची नाही. काल मी गाढ झोपले.

तुझी खारट हाताची लेक,
न्कोली